नोकरी गेल्यानंतरचा रेझ्युमे: जुन्यावर नवा मजला चढवू नका

माझी नोकरी गेली तेव्हा हाताशी असलेला रेझ्युमे अकरा वर्षांपूर्वीचा होता. फाइलचं नाव ‘रेझ्युमे फायनल नवा २’. सुरुवातीलाच ‘उद्दिष्ट’ म्हणून एक वाक्य: ‘माझ्या कौशल्यांना वाव मिळेल अशी संधी प्रगतिशील संस्थेत शोधत आहे.’ खाली टायपिंगचा वेग, वक्तृत्व स्पर्धेतलं बक्षीस आणि कधीच बंद पडलेला ईमेल पत्ता. मी काय केलं? अकरा वर्षांच्या कामाचा एक भलामोठा परिच्छेद वर चिकटवला आणि त्याच रात्री चौदा ठिकाणी पाठवून दिला. एकाही ठिकाणाहून उत्तर आलं नाही. आज तो कागद पाहिला की वाटतं, मीसुद्धा या माणसाला बोलावलं नसतं.

नवख्या उमेदवाराची अडचण असते की लिहायला काही नाही. पंधरा-वीस वर्षं काम केलेल्याची अडचण नेमकी उलटी असते. सांगण्यासारखं इतकं असतं की वाचणाऱ्याला हवं ते त्यात बुडून जातं. म्हणून या वयात रेझ्युमे ‘अपडेट’ करणं म्हणजे बहुतांश काटछाट असते. पण काटछाट करायला आधी सगळा माल समोर मांडावा लागतो, आणि तिथूनच सुरुवात करायची आहे.

पहिला आठवडा: फाइल उघडू नका, आठवणी उतरवून काढा

नोकरी गेल्यावर पहिले चार-सहा दिवस माणूस एकतर संतापलेला असतो, नाहीतर खचलेला. संतापात लिहिलेला रेझ्युमे कैफियत होतो आणि खचलेल्या मनाने लिहिलेला विनवणी. दोन्ही वाचणाऱ्याला लगेच कळतात. तेव्हा या दिवसांत रेझ्युमे लिहू नका, पण एक काम मात्र टाळू नका. जे आठवतंय ते कागदावर उतरवून काढा. किती माणसं हाताखाली होती, कोणतं काम किती दिवसांत व्हायचं, कोणती यंत्रणा कोणत्या वर्षी बदलली. कंपनीचा लॅपटॉप परत गेला की हे सगळं फक्त तुमच्या डोक्यात उरतं, आणि सहा महिन्यांनी ती माणसं अठरा होती की अठ्ठावीस हे तुम्हालाच सांगता येत नाही.

रुजू झाल्याची आणि शेवटच्या दिवसाची तारीख, पत्रावरचं अधिकृत पदनाम, बढतीची पत्रं, तुम्हाला दिलेले मूल्यमापनाचे कागद हे सगळं एका जागी ठेवा. ग्राहकांच्या याद्या, अंतर्गत अहवाल, कंपनीच्या फाइली स्वतःच्या ईमेलवर पाठवण्याचा मोह मात्र टाळा. त्या तुमच्या नाहीत, आणि कराराचा भंग म्हणून ते प्रकरण अंगाशी येऊ शकतं. जाताना एखाद्या करारावर सही केली असेल तर त्यातलं गोपनीयतेचं कलम आत्ताच शांतपणे वाचून घ्या. रेझ्युमेत कोणते आकडे देता येतील हे त्यावर ठरेल.

कामाची वही

आता एक वही घ्या किंवा कोरी फाइल उघडा. ही कुणालाही दाखवायची नाही, त्यामुळे लांबीची, भाषेची, टापटिपीची फिकीर नको. रेझ्युमे शेवटी इंग्रजीत जाणार असला तरी वही आपल्या बोलीत लिहा. परक्या भाषेत लिहायला बसलो की आपण काय केलं यापेक्षा कोणता शब्द भारदस्त वाटेल याचाच विचार आधी सुरू होतो.

प्रत्येक नोकरीसाठी, आणि एकाच नोकरीत पद बदललं असेल तर प्रत्येक पदासाठी, स्वतःला हे विचारा. मी आलो तेव्हा काय बिघडलेलं होतं? मी नेमकं काय केलं? मी सोडलं तेव्हा काय स्थिती होती? आणि माझा सगळ्यात लाडका प्रश्न: मी रजेवर गेलो की काय अडायचं? या एका प्रश्नाने जेवढं बाहेर येतं तेवढं ‘तुमच्या जबाबदाऱ्या लिहा’ म्हटल्यावर येत नाही.

उदाहरण देतो. ओळखीच्या एका बाईंनी सतरा वर्षं ग्राहकसेवेत काढली होती. त्यांच्या रेझ्युमेतलं वाक्य होतं, ‘तक्रार निवारण विभागाच्या कामकाजाची संपूर्ण जबाबदारी सांभाळली.’ आम्ही समोरासमोर बसलो.

‘सांभाळली म्हणजे?’

‘म्हणजे माणसं, रोजचे रिपोर्ट, वरिष्ठांना उत्तरं. सगळंच.’

‘तुम्ही त्या विभागात गेलात तेव्हा काय चाललं होतं?’

‘अहो, एकेक तक्रार तीन टेबलं फिरायची. उत्तर जायला नऊ-दहा दिवस.’

‘आणि तुम्ही निघालात तेव्हा?’

‘तीन दिवस. फार तर चार.’

‘ते कसं झालं?’

‘मी तक्रारींचे चार प्रकार पाडले. त्यातल्या दोन प्रकारांना वरची मंजुरी लागणार नाही असं साहेबांकडून लिहून घेतलं. पण हे तर माझं रोजचंच काम होतं हो, त्यात काय सांगायचं?’

सांगायचं ते हेच! वाक्य असं झालं: ‘तक्रारींचे चार प्रकार पाडून त्यांपैकी दोन प्रकारांवरची वरिष्ठांच्या मंजुरीची अट काढून घेतली. उत्तर जाण्याचा कालावधी ९-१० दिवसांवरून ३-४ दिवसांवर आला. गट १२ जणांचा.’ पहिलं वाक्य कुठल्याही कंपनीतल्या कुठल्याही माणसाला चिकटवता आलं असतं. दुसरं फक्त त्यांचंच आहे. यातला एकही शब्द फुगवलेला नाही, हेही लक्षात घ्या.

वहीत अडलं तर जुन्या सहकाऱ्यांना फोन करा. ‘त्या वर्षी आपण ते गोदाम हलवलं, तेव्हा किती दिवस काम बंद होतं रे?’ असं विचारलं की समोरून आकडा तर येतोच, शिवाय तुम्ही विसरलेल्या दोन गोष्टीही येतात. तुम्ही काम शोधताय हे त्याला कळतं, तोही फायदाच.

‘करण्यात आले’ हे कोणी केलं?

आपल्या भाषेची एक खोड इथे आडवी येते. कार्यालयीन मराठीत सगळं आपोआप घडतं. ‘अंमलबजावणी करण्यात आली’, ‘सुधारणा घडवून आणण्यात आल्या’. यात माणूसच नाही. उरलेल्या वेळी आपण ‘आम्ही’ म्हणतो, कारण ‘मी केलं’ म्हणायला जीभ रेटत नाही. हीच सवय इंग्रजी रेझ्युमेतही उतरते. वाचणाऱ्याला मात्र विभागाने काय केलं यापेक्षा तुम्ही काय केलंत हे हवं असतं. प्रत्येक वाक्यापाशी थांबून विचारा, यातला माझा हात कोणता? मोठ्या प्रकल्पात तुमचा वाटा छोटा असेल तर तो छोटाच सांगा, पण नेमका सांगा. ‘नव्या प्रणालीच्या अंमलबजावणीत सहभाग’ यापेक्षा ‘जुन्या प्रणालीतल्या ग्राहकांच्या नोंदी तपासून नव्या प्रणालीत आणल्या’ हे कधीही वजनदार.

आकडा प्रत्येक ठिकाणी मिळत नाही. तिथे आवाका सांगा: किती शाखा, किती जणांना प्रशिक्षण, दर महिन्याला किती वेळा. मूळ रकमा गोपनीय असतील तर प्रमाण द्या, जसं ‘खर्चात सुमारे एक पंचमांश घट’. गोपनीयतेचं कलम कडक असेल तर तेही गाळा. आणि मुलाखतीत ‘हे कसं मोजलंत?’ असं विचारल्यावर ज्याचं उत्तर देता येणार नाही, तो आकडा लिहूच नका. हल्ली अनेकजण एआयकडून वाक्यं घासूनपुसून घेतात. घ्या, हरकत नाही. पण तुम्ही न सांगितलेला एखादा ‘३० टक्के’ त्यात गुपचूप येऊन बसतो. ओळ अन् ओळ वहीशी ताडून पाहा.

आधी जाहिराती, मग मसुदा

वही भरली की थेट लिहायला बसू नका. तुम्हाला खरोखर हव्या असलेल्या पदांच्या आठ-दहा जाहिराती गोळा करा, छापा आणि पेन घेऊन बसा. जे शब्द चार-पाच जाहिरातींत पुन्हा पुन्हा येतात त्यांच्याखाली रेघ मारा. प्रत्येक रेघेसमोर वहीतली कोणती गोष्ट बसते ते लिहा. जिथे काहीच बसत नाही तिथे एकतर ते शिकावं लागेल किंवा पद बदलावं लागेल, आणि हे आत्ताच कळलेलं बरं. तुम्ही ज्याला ‘सप्लायर सांभाळणं’ म्हणता त्याला जाहिरातीत वेगळं नाव असेल, तर ते काम खरंच केलेलं असल्यास त्यांचं नाव वापरा.

सुमारे १४८२ मध्ये लिओनार्दो दा विंचीने मिलानचा कारभार हाती असलेल्या लुडोविको स्फोर्झाला कामासाठी पत्र लिहिलं. हलके पूल, तोफा, वेढा घालण्याची साधनं, झाकलेली युद्धवाहनं असं एकेक तो मोजत जातो. आपल्याला चित्रंही काढता येतात हे येतं अगदी शेवटाकडे. समोरच्याला लढायांची काळजी होती, म्हणून पत्रात लढाईचं सामान आधी. तुमच्या वहीतली सगळ्यात अभिमानाची गोष्ट रेझ्युमेत तिसऱ्या जागी जाऊ शकते, क्वचित गळूही शकते. जीव तुटतो, पण करावं लागतं.

वरचा एक तृतीयांश

द लॅडर्स या नोकरीविषयक संकेतस्थळाने रिक्रूटरांच्या नजरेचा माग घेऊन २०१८ मध्ये सांगितलं की पहिल्या नजरेला रेझ्युमेच्या वाट्याला सरासरी ७.४ सेकंद येतात. तो आकडा दगडावरची रेघ मानू नका, पण पहिल्या पानाचा वरचा भाग कसा लिहायचा हे त्यावरून कळतं.

नाव, फोन, ईमेल, शहर. घराचा पूर्ण पत्ता नको. जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, फोटो यांबाबत ज्या देशात अर्ज करताय तिथली रीत पाहा. काही ठिकाणी फोटो अपेक्षित असतो, काही ठिकाणी तो अडचण करतो. नावाखाली एका ओळीत तुम्ही कोण ते: ‘ग्राहकसेवा व्यवस्थापक’. मग तीन-चार ओळींचा सारांश. ‘मेहनती, प्रामाणिक, संघभावना असलेला’ ही विशेषणं सगळेच लावतात, त्यामुळे ती कुणालाच लागू होत नाहीत. त्या बाईंचा सारांश असा झाला: ‘ग्राहकसेवेत १७ वर्षं, त्यांपैकी ८ वर्षं विभागप्रमुख. तक्रारींचा निपटारा वेगाने करणाऱ्या कार्यपद्धती बसवणं हे मुख्य काम. १२ जणांच्या गटाची भरती आणि प्रशिक्षण स्वतः केलं.’ यात नोकरी गेल्याचा उल्लेख नाही. ‘तात्काळ रुजू होऊ शकते’ हेही आम्ही काढलं. ते कव्हर लेटरमध्ये किंवा फोनवर सांगता येतं.

अनुभव उलट्या क्रमाने द्या, शेवटची नोकरी सगळ्यात वर. तारखा लपवण्यासाठी सगळं फक्त कौशल्यांच्या मथळ्यांखाली मांडायचा सल्ला अधूनमधून मिळतो. माझं मत स्पष्ट आहे: करू नका. वाचणाऱ्याला कोणतं काम कुठे केलं ते कळत नाही आणि पहिली शंका हीच येते की काहीतरी दडवलंय. शेवटच्या नोकरीखाली पाच-सहा मुद्दे, त्याआधीच्यांखाली तीन-चार. एकाच कंपनीत तीन पदं झाली असतील तर कंपनीचं नाव एकदाच आणि खाली पदं वेगवेगळ्या वर्षांसह, म्हणजे चढता आलेख दिसतो. पदनाम कंपनीबाहेर कुणाला कळणार नाही असं असेल तर अधिकृत नाव ठेवून शेजारी खुलासा करा: ‘वरिष्ठ अधिकारी, श्रेणी ३ – खरेदी विभागाची जबाबदारी’. स्वतःला परस्पर बढती मात्र देऊ नका. पडताळणीत ते सापडतं.

खंड, आणि तो कसा दाखवायचा

शेवटच्या नोकरीपुढे अजूनही ‘आजपर्यंत’ असेल तर ते आजच बदला. नोकरी गेली यात लपवण्यासारखं काही नाही. तारीख खोटी निघाली तर मात्र हातात आलेलं काम जातं. का गेली याचं कारण रेझ्युमेत लिहायची गरज नाही. मुलाखतीसाठी दोन वाक्यं तयार ठेवा: ‘कंपनीने आमचा विभाग बंद केला, त्यात माझंही पद गेलं. त्यानंतर मी अमुक शिकलो आणि आता तमुक प्रकारचं काम शोधतो आहे.’ ती आरशासमोर इतक्यांदा म्हणा की आवाजातला कडवटपणा जाईल. मला यालाच सगळ्यात जास्त वेळ लागला.

खंडाचा परिणाम होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. क्रॉफ्ट, लांगे आणि नोटोविडिग्डो या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेत सुमारे १२,००० बनावट रेझ्युमे पाठवून केलेला प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. बेकारीचा काळ वाढतो तशी बोलावणी कमी होतात, आणि ही घट मुख्यतः पहिल्या आठ महिन्यांत होते असं त्यात दिसलं. म्हणून तीन महिने घासत बसण्यापेक्षा तिसऱ्या आठवड्यात बऱ्यापैकी चांगला रेझ्युमे बाहेर पडलेला बरा. तो पुढे सुधारत राहील.

दुसरा प्रयोग ब्रिटनमधला, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला, ९,००० हून अधिक अर्जांचा. प्रत्येक नोकरीपुढे तारखांऐवजी ‘इतकी वर्षं’ असं लिहिलं तर बोलावणी वाढली, आणि खंड असलेल्यांनाच नव्हे, नसलेल्यांनाही फायदा झाला. पण ऑनलाइन फॉर्म तारखा मागतातच, आणि अजिबात तारीख नसलेला रेझ्युमे बघून काही रिक्रूटर बिचकतात. मी दोन्ही लिहितो: ‘११ वर्षं, २०१३–२०२४’. फॉर्ममध्ये महिने अचूक.

खंड वर्षभराचा झाला असेल तर त्याला नाव द्या. अभ्यासक्रम, घरच्यांची शुश्रूषा, किरकोळ कंत्राटी काम, जे खरं असेल ते एका ओळीत. लिंक्डइनवर २०२२ पासून कारकिर्दीतल्या खंडाची वेगळी नोंद करता येते. एकही ग्राहक नसताना ‘स्वतंत्र सल्लागार’ लिहू नका. मुलाखतीतला पहिलाच प्रश्न ‘कुणाला सल्ला दिलात?’ हा असतो.

जुनं किती ठेवायचं

गेल्या दहा-पंधरा वर्षांचं तपशीलवार, त्याआधीचं ‘आधीचा अनुभव’ या मथळ्याखाली पद आणि कंपनी एवढंच. पदवीचं वर्ष गाळलं तरी चालतं. ते खोटं बोलणं नव्हे, फॉर्मने विचारलं तर खरं सांगा. वयाचा परिणाम कल्पनेतला नाही. न्यूमार्क, बर्न आणि बटन यांच्या ४०,००० हून अधिक अर्जांच्या अमेरिकेतल्या अभ्यासात, जो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, वयस्क अर्जदारांना, त्यातही स्त्रियांना, कमी बोलावणी आल्याचं दिसलं. रेझ्युमेने हे सुटत नाही, पण आपणहून वय ओरडून सांगणाऱ्या खुणा काढता येतात. बंद पडलेल्या सॉफ्टवेअरची नावं, ‘संगणकाचं ज्ञान’, ‘रेफरन्स मागितल्यास देऊ’ आणि वय किंवा जन्मसाल असलेला ईमेल पत्ता ही त्यातली नेहमीची. एकूण दोन पानं पुष्कळ झाली.

यंत्राच्या गळी उतरेल असा

मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी एटीएस (अ‍ॅप्लिकंट ट्रॅकिंग सिस्टिम) नावाच्या संगणकप्रणालीत जातो. ती रेझ्युमेतला मजकूर उपसून रकान्यांत भरते. दोन स्तंभांची मांडणी, तक्ते, चौकटी, आलेख, टक्क्यांत दाखवलेली कौशल्यं यांत तिची गल्लत होऊ शकते. पानाच्या अगदी वरच्या हेडरमध्ये लिहिलेला फोन नंबर काही प्रणाली वाचतच नाहीत. एक सोपी चाचणी करा. सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. क्रम बिघडला, कंपनीचं नाव एकीकडे आणि वर्षं दुसरीकडे गेली, तर प्रणालीलाही बहुधा तसंच दिसणार. जाहिरातीतले शब्द पांढऱ्या अक्षरांत लपवण्याची युक्ती विसरून जा. मजकूर उपसला की ते लख्ख दिसतात. फाइल पीडीएफ की वर्ड, जे मागितलं असेल ते. नावात तुमचं नाव आणि पद, ‘फायनल नवा २’ नव्हे.

पाठवण्याआधी मोठ्याने वाचा. जिथे तुमचीच जीभ अडखळते ते वाक्य मोडा. मग तुमच्या क्षेत्राबाहेरच्या कुणाला तरी अर्धा मिनिट दाखवून कागद काढून घ्या आणि विचारा, ‘मी काय काम करतो?’ उत्तर धड आलं नाही तर चूक त्याची नाही. लिंक्डइनवरची पदं आणि वर्षं रेझ्युमेशी जुळतात का तेही पाहा.

हा झाला मूळ मसुदा. प्रत्येक अर्जाच्या वेळी तो पुन्हा लिहायचा नाही, पण पंधरा-वीस मिनिटं द्यायची: सारांशातली एखादी ओळ, पहिल्या दोन मुद्द्यांचा क्रम, त्यांच्या जाहिरातीतले दोन-चार शब्द. एका रात्रीत चौदा पाठवण्यापेक्षा आठवड्याला चार-पाच असे पाठवा.

असे वेगवेगळे मसुदे बाहेर पडायला लागले की एक साधी नोंद ठेवा: तारीख, कंपनी, पद, कोणती फाइल पाठवली आणि जाहिरातीची प्रत, कारण जाहिराती संकेतस्थळावरून काढून टाकल्या जातात. फोन बरोबर तुम्ही रस्त्यात असतानाच येतो. ‘तुम्ही आमच्याकडे अर्ज केला होता’ म्हटल्यावर कुणाकडे ते न आठवता ‘हो, हो’ म्हणण्यात मी एक चांगली संधी घालवली आहे. आता मी म्हणतो, ‘जरा बाहेर आहे, दहा मिनिटांत मीच फोन करतो, चालेल?’ आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. त्या दहा मिनिटांत ती फाइल उघडायची.